मिली-ओहमचे मीटर : वापर आणि निगा

संस्थेच्या अभ्यासिकेत बसणारी बरीच मुले दहावी-बारावीनंतर आय.टी.आय.कडे वळतात आणि त्यातही वायरमन व इलेक्ट्रिशियन हे ट्रेड आवडीने घेतात. कामाला लागल्यावर या मुलांच्या हाती तीन निरनिराळी मीटरे येतात. तिन्ही मीटरे ओहमच मोजतात, त्यामुळे गोंधळ होतो. त्यांपैकी ज्या मीटरविषयी सर्वांत कमी बोलले जाते, त्याची माहिती विद्यार्थी मित्रांना व सभासदांना व्हावी म्हणून हा लेख लिहीत आहे.

प्रस्तुत लेखक इंजिनिअर नाही. कला शाखेची पदवी घेऊन बँकेत कारकून म्हणून लागलेला माणूस आहे. परंतु शाखेच्या वार्षिक वीज-तपासणीच्या वेळी एजन्सीच्या माणसाबरोबर उभे राहणे आणि अहवालावर बँकेतर्फे सही करणे हे काम काही वर्षांपासून माझ्याकडे आहे. ज्यावर सही करायची ते आधी समजून घ्यावे, एवढ्या एका हट्टापायी हा विषय मी शिकलो. ज्याला विज्ञान शाखेचा वाराही लागला नाही त्याला समजले, तर तुम्हाला समजायला काहीच हरकत नाही.

आधी तीन मीटरांची ओळख. पहिले मेगर. ते इन्सुलेशनचा रोध मोजते. घरगुती वायरिंगसाठी ते ५०० व्होल्ट दाब देते आणि आकडा मेगा-ओहममध्ये, म्हणजे दहा लाख ओहमच्या पटीत सांगते. येथे आकडा जितका मोठा तितके चांगले. दुसरे अर्थ टेस्टर. जमिनीत पुरलेल्या अर्थिंगच्या नळीचा किंवा पट्टीचा मातीशी असलेला रोध त्याने मोजतात. त्यासाठी अंतरावर लोखंडी खुंट्या ठोकाव्या लागतात. तिसरे आपले मीटर. वायर, पट्टी, सांधा, स्विचचे संपर्क, मोटारीची कॉइल अशा वस्तूंचा अगदी लहान रोध ते मोजते. ओहमचा हजारावा भाग म्हणजे मिली-ओहम आणि दहा लाखावा भाग म्हणजे मायक्रो-ओहम. येथे सांध्याचा आकडा जितका लहान तितके चांगले. या मीटरला कोणी मिली-ओहममीटर म्हणतात, कोणी मायक्रो-ओहममीटर. जुने लोक मात्र ‘डक्टर’ म्हणतात. इंग्लंडच्या एव्हरशेड अँड व्हिग्नोल्स या कंपनीने १९०८ साली या नावाचे मीटर काढले, त्यावरून ते नाव रुळले. ‘मेगर’ हे नावही मूळ त्याच कंपनीचे.

इतका बारीक रोध मोजून काय साधायचे, असा प्रश्न सहज पडेल. उत्तर उष्णतेत आहे. सांध्यात निर्माण होणारी उष्णता म्हणजे करंटचा वर्ग गुणिले रोध. एखाद्या पॅनेलमधील बसबारवरून १०० अँपिअर करंट जात आहे आणि तेथील एका जॉइंटचा रोध ५० मायक्रो-ओहम आहे असे धरू. तेथे अर्धा वॅट उष्णता होईल. ती कोणाच्या गावीही नसते. तोच जॉइंट सैल होऊन त्याचा रोध ५ मिली-ओहम झाला, तर उष्णता ५० वॅट होते. रेडिओ-टी.व्ही. दुरुस्त करणाऱ्याचे साधे सोल्डरिंग आयर्न २५ किंवा ३५ वॅटचे असते. म्हणजे दार बंद केलेल्या पॅनेलमध्ये त्याहून मोठे सोल्डरिंग आयर्न दिवसरात्र चालू ठेवून आपण घरी गेलो, असाच त्याचा अर्थ. उष्णतेने सांधा आणखी सैल होतो, त्यावर ऑक्साइडचा थर चढतो, रोध वाढतो आणि वाढलेल्या रोधाने उष्णता आणखी वाढते. वर्तमानपत्रात जवळजवळ प्रत्येक आगीला शॉर्टसर्किट हे एकच नाव मिळते, पण सैल सांधा हेही एक कारण असू शकते. घरातले उदाहरण हवे तर गीझरचा काळा पडलेला प्लग आठवा. दोन किलोवॅटचा गीझर सुमारे ९ अँपिअर घेतो. प्लगच्या पिनेशी ०.२ ओहम रोध आला की तेवढ्याशा जागेत १५ वॅटच्या वर उष्णता कोंडते.

अर्थिंगच्या बाबतीत प्रश्न उष्णतेपेक्षा गंभीर आहे. वसतिगृहातील पाण्याच्या कूलरची फेज वायर आतून पत्र्याला लागली, तर अर्थच्या वायरमधून मोठा करंट जावा आणि एम.सी.बी. तत्काळ पडावी, अशी सगळी योजना असते. परंतु त्या वायरच्या एखाद्या सांध्यात २० ओहम रोध बसला असेल, तर २३० व्होल्टला फक्त साडेअकरा अँपिअर करंट जाईल. १६ अँपिअरची एम.सी.बी. पडणार नाही. कूलर बहुधा चालूही राहील, आणि पत्रा जिवंत राहील. पेला भरायला ओल्या हाताने येणाऱ्या मुलाला हे कसे कळावे? ३० मिली-अँपिअरची आर.सी.सी.बी. बसवलेली असेल तर ती अशा वेळी पडते, आणि ती असावीच. पण अर्थची वायर पूर्ण तुटलेली असेल तर आर.सी.सी.बी.लाही वाट पाहावी लागते ती कोणाच्या तरी अंगातून करंट जाण्याची. म्हणून अर्थच्या वायरचा सांधा मोजूनच पाहिला पाहिजे. डोळ्यांना हिरवी वायर जोडलेली दिसली म्हणजे झाले, असे नाही.

हे काम साध्या मल्टिमीटरने का होत नाही, हा खरा कळीचा मुद्दा आहे. धान्य बारदानासकट तोलतात आणि मग बारदानाचे वजन वजा करतात, हे आपण बाजारात पाहतो. ज्वारीचे पोते तोलताना किलोभराच्या बारदानाने फारसे बिघडत नाही. पण त्याच बारदानात पाच ग्रॅम वेलदोडे घालून तोलले तर काय कळणार? मल्टिमीटरच्या दोन वायरींचा आणि टोकांच्या स्पर्शाचा मिळून रोध ०.१ ते ०.३ ओहमच्या आसपास असतो. साध्या मल्टिमीटरचा सर्वांत लहान टप्पा २०० ओहमचा, आणि त्यात शेवटचा अंक ०.१ ओहमचा, म्हणजे १०० मिली-ओहमचा. आपल्याला मोजायचे आहेत पाच-पन्नास मिली-ओहम. बारदान वजा करावे म्हटले तर प्रत्येक वेळी टोक किती दाबले, त्यावर गंज किती, यावर बारदानाचेच वजन बदलत राहते.

यावरचा उपाय विल्यम थॉमसन या शास्त्रज्ञाने १८६० च्या दशकात काढला. हेच पुढे लॉर्ड केल्विन म्हणून प्रसिद्ध झाले. कॉलेजच्या प्रयोगशाळेत ‘केल्विन डबल ब्रिज’ नावाची लाकडी पेटी असते, ती त्यांचीच. त्या उपायाचे मर्म असे की दोन वायरींऐवजी चार वायरी वापरायच्या. दोन जाड वायरींनी वस्तूतून ठरावीक करंट सोडायचा. मीटरवर त्यांच्या जागी सी-१ आणि सी-२ असे लिहिलेले असते. दुसऱ्या दोन वायरींनी, म्हणजे पी-१ आणि पी-२ यांनी, वस्तूच्या दोन टोकांमधले व्होल्टेज पाहायचे. या दोन वायरींतून करंट जवळजवळ जातच नाही, त्यामुळे त्यांच्या स्वतःच्या रोधावर व्होल्टेज खर्च होत नाही. पाण्याच्या मोठ्या नळाला दोन जागी बारीक नळ्या काढून दाबमापक लावले, तर त्या बारीक नळ्यांतून पाणी वाहत नसल्याने दाब जसाच्या तसा कळतो, तसेच हे. करंटच्या वायरींचा रोध कितीही असो, जाणारा करंट मीटरला ठाऊक असतो. व्होल्टेजला करंटने भागले की उत्तर येते. ओहमने १८२७ साली मांडलेला नियमच हा, फक्त बारदान तराजूबाहेर ठेवलेले.

यावरून जोडणीचा नियम निघतो आणि तो पाठच केला पाहिजे : करंटच्या क्लिपा बाहेर, व्होल्टेजच्या क्लिपा आत. सी-१, पी-१, मग मोजायची वस्तू, मग पी-२, सी-२. पी-ची क्लिप सी-च्या क्लिपेवरच अडकवली, तर सी-क्लिपच्या स्पर्शाचा रोध मोजणीत येतो आणि चार वायरींचा खटाटोप वाया जातो. पट्टी किंवा सळईची लांबी मोजायची असेल, तर सी आणि पी यांच्यात निदान त्या सळईच्या परिघाच्या दीडपट अंतर ठेवावे, म्हणजे करंट सळईभर सारखा पसरतो. काही मीटरांना दोन टोकांच्या स्प्रिंगच्या टोचण्या असतात. त्यांवर पी ही खूण असते. ती टोके नेहमी मोजायच्या सांध्याच्या बाजूला आत ठेवावीत.

जोडणीच्या आधीची कामे मात्र जास्त महत्त्वाची आहेत. हे मीटर चालू लाइनवर कधीही लावायचे नाही. मेन बंद करावा, त्याला कुलूप घालावे किंवा माणूस उभा करावा, आणि दाब नाही याची टेस्टरने खात्री करावी. तो टेस्टर चालतो की नाही हे आधी आणि नंतर चालू जागी लावून पाहावे. कपॅसिटर असतील तर ते डिस्चार्ज करावेत. मग सांध्यावरची माती-ग्रीस पुसून, रंग असेल तेथे तो खरवडून उघडा धातू करावा. पण सांधा मोजण्याआधीच नट आवळू नये! सांधा आहे तसा किती होता, हे आधी नोंदवावे, मग आवळावे आणि पुन्हा मोजावे. आधी आवळला की दोष तर गेलाच, पण दोष होता याचा पुरावाही गेला.

करंट किती सोडायचा हे वस्तूवर ठरते. हातात नेण्यासारखी बरीच मीटरे जास्तीत जास्त १० अँपिअर देतात. उघड्या टोकांवर व्होल्टेज थोडेच असते, त्यामुळे सांधा मोजताना शॉकची भीती नाही. बारीक तारेच्या कॉइलमध्ये मात्र जास्त करंट सोडला तर तार गरम होते आणि आकडा हळूहळू चढत राहतो. म्हणून कॉइलसाठी तिच्या रेटेड करंटच्या १० टक्क्यांच्या आसपास थांबतात. उलट मोठ्या सर्किट ब्रेकरच्या संपर्कांना कमी करंट चालत नाही. आंतरराष्ट्रीय मानक तेथे किमान ५० अँपिअर मागते. त्यासाठी वेगळे, वजनदार मीटर लागते, ते येथे सोडून देतो.

आकडा एकदा घेऊन भागत नाही. दोन निराळे धातू जेथे भेटतात तेथे तापमानात फरक असेल तर आपोआप काही मायक्रो-व्होल्ट निर्माण होतात. १ अँपिअरवर मोजताना १० मायक्रो-व्होल्टमुळे १० मायक्रो-ओहमची चूक होते. म्हणून करंटची दिशा उलटून दुसरा आकडा घेतात आणि दोन्हींची सरासरी काढतात. नव्या मीटरांत हे आपोआप होते; जुन्यात बटण फिरवावे लागते किंवा सी आणि पी या दोन्ही जोड्या उलट लावाव्या लागतात.

मोटार आणि ट्रान्सफॉर्मरच्या कॉइलबाबत एक स्वतंत्र इशारा देतो. मोठ्या कॉइलमध्ये करंट स्थिर व्हायला वेळ लागतो, ट्रान्सफॉर्मरला तर कधी मिनिटे जातात. आकडा थांबेपर्यंत वाट पाहावी. आणि करंट चालू असताना क्लिप कधीही काढू नये. कॉइलमध्ये साठलेली ऊर्जा त्या क्षणी मोठे व्होल्टेज फेकते. ठिणगी पडते, मीटर जळते आणि माणसालाही इजा होऊ शकते. आधी मीटर बंद, डिस्चार्ज झाल्याची खूण दिसेपर्यंत थांबणे, आणि मगच क्लिप काढणे.

आता आकडा वाचायचा कसा? यासाठी एक कोष्टक उपयोगी पडते. तांब्याच्या वायरचा २० अंश सेल्सिअसला प्रत्येक मीटरमागे जास्तीत जास्त रोध असा : १.५ चौरस मि.मी.ला १२.१ मिली-ओहम, २.५ ला ७.४१, ४ ला ४.६१ आणि ६ ला ३.०८. तापमान वाढले की तांब्याचा रोध दर अंशामागे सुमारे ०.४ टक्के वाढतो. नागपूर-चंद्रपूरच्या उन्हाळ्यात ४० अंशाला मोजाल तर आकडा जवळजवळ ८ टक्के जास्त येईल. कूलरपासून मुख्य अर्थ पट्टीपर्यंत २.५ चौरस मि.मी.ची १५ मीटर वायर असेल तर १११ मिली-ओहमच्या आसपास यावेत. समजा, तेथे १ ओहम आला. एक ओहम म्हणजे त्या जाडीची १३५ मीटर वायर! पंधरा मीटरच्या अंतरात १३५ मीटर वायर कुठून आली? ती वायर नव्हेच, तो कुठेतरी सैल राहिलेला स्क्रू आहे. असा हिशेब मांडण्याची सवय लागली की आकडे बोलू लागतात. अपेक्षेपेक्षा फार कमी आकडा आला तरीही शंका घ्यावी : पाण्याचा लोखंडी पाइप किंवा शेजारची चौकट यांतून दुसरी वाट मिळालेली असते. अशा वेळी वायर एका टोकाने सोडवून मोजावी. स्वतः उपकरणासाठी भारतीय मानकाची मर्यादा ०.१ ओहम आहे. ती अर्थच्या टर्मिनलपासून त्याच्या पत्र्यापर्यंतची.

येथे आमच्या शाखेतील एक प्रसंग सांगतो. एका वर्षीच्या अहवालात अर्थच्या चौदा जागांची तपासणी होती आणि चौदाही रकान्यांत ०.५ ओहम लिहिलेले होते. आयुष्य खातेवहीत गेलेल्या माणसाला चौदा ओळींत एकच आकडा दिसला की तो थबकतोच. खिडकीजवळचा प्लग आणि तळमजल्याच्या टोकाचे पॅनेल यांना एकच रोध कसा? मी विचारले तेव्हा तो तरुण म्हणाला, “साहेब, ढोबळ मानाने तेवढाच येतो.” त्याच्याजवळ साधा मल्टिमीटर होता. दोन टोके एकमेकांना लावून दाखव म्हटले, तर तेव्हाही ०.३ आले. मुलगा खोटा नव्हता. त्याला योग्य मीटर कोणी दिलेले नव्हते, आणि का द्यावे हेही कोणी सांगितलेले नव्हते. त्या अहवालावर मी सही केली नाही. पुढे दुसऱ्या एजन्सीचा माणूस चार वायरींचे मीटर घेऊन आला. तेरा जागी ४० ते १५० मिली-ओहमच्या दरम्यान निरनिराळे आकडे आले. चौदाव्या जागी, यू.पी.एस.च्या पॅनेलवर, २.१ ओहम आला. उघडून पाहिले तर अॅल्युमिनियमच्या पट्टीवर तांब्याचा लग साध्या नटने आवळलेला होता आणि मध्ये पांढरी भुकटी जमली होती. पट्टी घासून, दोन धातूंसाठीचा लग बसवून, स्प्रिंग वॉशर घालून आवळल्यावर तेथे ६० मिली-ओहम आले. म्हणूनच मी मुलांना सांगतो की तुमच्या हाती मीटर चुकीचे दिले असेल तर तसे अहवालात लिहा, पण रकाना भरून काढू नका.

आता निगा. या मीटरच्या आतल्या यंत्रापेक्षा त्याच्या वायरी आणि क्लिपा आधी बिघडतात. वायर क्लिपेच्या मानेजवळ आतून तुटते आणि बाहेरून धडधाकट दिसते. मोजणी चालू असताना मान हलवून पाहावी. आकडा उड्या मारू लागला तर ती वायर बदलावी. वायरी कोपरापासून हातावर आवळून गुंडाळू नयेत. मोठे, सैल वेटोळे करावे. क्लिपांचे दात आणि टोचण्यांची टोके काम संपल्यावर कोरड्या कापडाने पुसावीत, काळी पडली असतील तर बारीक पॉलिश पेपर हलकेच फिरवावा. वायरींची जोडी त्या मीटरचीच वापरावी. दुसऱ्या मीटरच्या लांब-बारीक वायरी लावल्या तर मीटर पुरेसा करंट सोडू शकत नाही.

सेलचेही असेच. करंट मोठा असल्याने सेल लवकर उतरतात आणि उतरलेल्या सेलवर घेतलेले आकडे भरवशाचे नसतात. साधे कोरडे सेल असतील तर महिनाभर मीटर लागणार नसताना काढून ठेवावेत, नाहीतर ते पाझरून संपर्क खातात. जुन्या मीटरांत लेड-अॅसिड बॅटरी असते. ती उतरलेल्या स्थितीत ठेवली की खराब होते, म्हणून पडून असली तरी अधूनमधून चार्ज करावी. लिथियमच्या बॅटरीला कंपनीचाच चार्जर लावावा आणि मीटर उन्हात तापलेल्या गाडीच्या डिकीत सोडू नये. ज्या मीटरला आत फ्यूज असतो, त्याचा फ्यूज उडाला तर त्याच मापाचा आणि त्याच जातीचा घालावा. तांब्याची तार बांधून काम भागवण्याची खोड येथे महागात पडते, कारण चुकून चालू लाइनला स्पर्श झाला तर मीटरचे आणि धरणाऱ्याचेही रक्षण तोच फ्यूज करतो.

कोकणात आणि मुंबईकडे पावसाळ्यात ओलावा व खारी हवा हे मोठे शत्रू. पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवावी. तिचे दाणे रंग बदलणारे असतील तर रंग पालटल्यावर ते तापवून कोरडे करावेत किंवा बदलावेत. थंड खोलीतून दमट अंगणात आणलेल्या मीटरवर दव धरते. अर्धा तास थांबून मगच चालू करावे. पडदा व पेटी पुसायला थिनर-पेट्रोल नको, किंचित ओला कपडा पुरे.

वर्षातून एकदा मीटर एन.ए.बी.एल. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्यावे आणि प्रमाणपत्रातील फरकाचे आकडे नुसते फाइलला न लावता वाचावेत. परंतु दोन तपासण्यांच्या मध्ये वर्ष जाते आणि तेवढ्यात मीटर एकदा तरी हातातून पडते. त्यासाठी एक स्वस्त युक्ती आहे. जुन्या बाजारात किंवा इलेक्ट्रिकच्या दुकानात अँमीटरचा शंट मिळतो. त्यावर ‘१०० ए, ७५ एम.व्ही.’ असे कोरलेले असते, म्हणजे त्याचा रोध ०.७५ मिली-ओहम झाला. शंट मँगॅनिनचा असतो आणि त्या मिश्रधातूचा रोध तापमानाने फारसा बदलत नाही. करंटच्या क्लिपा त्याच्या बाहेरच्या मोठ्या बोल्टांना आणि व्होल्टेजच्या क्लिपा आतल्या लहान स्क्रूंना लावाव्यात. मीटर प्रयोगशाळेतून आल्याच्या दिवशी आलेला आकडा एका शंभर पानी वहीच्या पहिल्या पानावर लिहावा. पुढे कामावर निघण्यापूर्वी दर वेळी तोच शंट मोजून तारीख, तापमान आणि आकडा त्याच्या खाली लिहीत जावे. सामान्यतः ०.७५ दाखवणारे मीटर एके दिवशी ०.८२ दाखवू लागले, तर आधी क्लिपा पुसून, सेल बदलून पुन्हा पाहावे. तरीही ०.८२ च राहिले तर त्या दिवशी ते मीटर कामावर न्यायचे नाही.